अव्वाचा चातुर्मास

अंदमानात सूर्य साडेपाचला बुडतो हे आमच्या भूगोलाच्या पुस्तकात कुठंच लिहिलेलं नाही. रेखांश आणि प्रमाणवेळ पाठ करून मी नववीत भूगोलात वर्गात पहिली आले, पण त्या सगळ्याचा अर्थ मला कळला तो माझ्या आजीच्या जेवणावरून.

आजीला आम्ही अव्वा म्हणतो. आम्ही जैन, त्यामुळं दिवस मावळायच्या आत जेवायचं ही घरची रीत. आता आई बँकेतून सातला येते आणि पप्पा मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवरून त्याहून उशिरा, तेव्हा त्यांची रीत कधीच मोडली. मी सोयीनं कधी इकडं, कधी तिकडं. पण अव्वा आणि आप्पा, म्हणजे माझे आजोबा, यांनी लग्न झाल्यापासून दिवेलागणीनंतर घास तोंडात घातलेला नाही. आमच्या सांगलीत, विश्रामबागेत, ते जमून जातं. बेटावर मात्र अव्वाला पाचलाच ताट हवं असायचं आणि हॉटेलचा आचारी तेव्हा बनियनवर झोपलेला असायचा.

“भैया, दाल चावल दे दो. सूरज जा रहा है.”

“डिनर सात बजे, आंटी.”

“तुम्हारा डिनर सात बजे. सूरज को किसने बोला रुकने को?”

पहिल्या दिवशी तिनं केळी खाल्ली आणि पाणी पिऊन झोपली. दोन दिवसांनी तो आचारीच खालून हाक मारायला लागला, “आंटी, सूरज.” माणसं अव्वाच्या बाजूला वळायला तेवढाच वेळ लागतो.

तर आम्ही तिथं कशाला गेलो होतो ते सांगते. माझी अव्वा, कस्तुरी धरणेंद्र मगदूम, वय सदुसष्ट, पळते. चोर मागं लागल्यासारखी नाही, शर्यतीत पळतात तशी, पायात बूट घालून. मागं साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. मैदानावर तिला हाजराबी भेटली. हाजराबी शंभर फुटी रोडला ब्लाऊज शिवते, मूळची कवठे महांकाळची, बोलायला एकदम सडेतोड. दोघी चालता चालता इतक्या बोलायच्या की घरी जायला उशीर व्हायचा, मग तो उशीर भरून काढायला पळायच्या. हे अव्वाचं म्हणणं. पुढं उशीर नसला तरी पळायला लागल्या. मग आणखी बायका आल्या, व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला. ग्रुपचं नाव ‘पळत्या पोरी’, आणि त्यातली सगळ्यात लहान पोर बेचाळीस वर्षांची.

या पोरींनी मे महिन्याच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरवलं. भामाबाईंचा गुडघा सुजला, त्यांनी नाव काढलं आणि त्यांच्या जागी माझं घातलं. मी तर तयारच होते.

घरी अव्वा पळते ती सलवार, पूर्ण बाह्यांचा कुडता आणि पिन लावलेली ओढणी अशी. आणि पळता पळता निम्म्या विश्रामबागेला उत्तरं देते. “काकू, आप्पांची शुगर काय म्हणते?” “बरी आहे.” “काकू, तुमच्या जिनेशला म्हणावं फोन कर.” “सांगते.” बेटावर पहिल्या सकाळी ती ओढणी न घेताच बाहेर आली. अंगात ग्रुपचा पिवळा टी-शर्ट. मी बघतच राहिले तर म्हणाली, “काय बघतीस? चल, सायकल काढ.” मी भाड्याची सायकल घेऊन तिच्या बरोबरीनं, ती पुढं.

ओहोटी लागली की तिथली वाळू टणक होते. त्यावर बोटाच्या पेराएवढे खेकडे इकडून तिकडं पळत असतात. अव्वाच्या पायाखाली जीव येणं म्हणजे केवढी गोष्ट, त्यामुळं ती सरळ पळतच नव्हती. डावीकडं, उजवीकडं, मध्येच उडी, मध्येच एका पायावर. मागून हाजराबी ओरडली, “कस्तुरे, दारू पिल्यागत काय पळतीस गं?” अव्वाला इतकं हसू आलं की ती खाली बसली. मी तिला आधी कधी पाय पसरून बसून हसताना बघितलं नव्हतं. घरी ती हसते, पण उभ्यानं, हातातलं काम करत.

नारळवाल्या बंगाली मावशीनं तिला विचारलं, “घर कहाँ, मासी?”

“बहुत दूर,” अव्वा म्हणाली, आणि नारळाला तोंड लावून मला म्हणाली, “ब्राह्मी, इथं मला कुणी हाक मारत नाही बघ. कानाला कसं गार वाटतंय.”

संध्याकाळी मात्र एक हाक यायची, आप्पांच्या फोनची.

“जेवलीस?”

“जेवले. इथला सूर्य बुडाला.”

“इथं अजून ऊन आहे.”

“मग जेवून घ्या. मनुबाईनं करून ठेवलंय ना?”

“ठेवलंय. तिची भाकरी जाड असते.”

“चावून खा.”

“खातो. कधी येणार?”

रोज हेच. मनुबाई म्हणजे अव्वा नसताना स्वयंपाकाला येणारी बाई. आप्पा वाईट माणूस नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते. ते कधी ओरडत नाहीत. फक्त त्यांना अव्वाच्या हातचं लागतं, आणि समोर ती बसलेली लागते.

शेवटच्या सकाळी पाण्यात पाय सोडून बसल्या बसल्या अव्वा आणि हाजराबीनं ठरवलं की सप्टेंबरात साताऱ्याची डोंगरावरची शर्यत पळायची. यवतेश्वरचा घाट चढून वर जायचं आणि परत खाली यायचं. हाजराबीची लेक अर्फा कोरेगावात दिली आहे, त्यामुळं मुक्कामाची सोय होती.

“घाट हाय बरं का,” हाजराबी म्हणाली. “लय दम लागतोय म्हनत्यात.”

“सासर केलं की मी. घाट काय घेऊन बसलीस.”

“मग नाव घालते दोघींचं.”

“घाल. एकदा हे करून बघायचंय मला, हाजरा. मग पाय गेले तरी चालतील.”

मी सायकलची घंटा वाजवली. मला वाटलं, झालं, ठरलं. मला तेव्हा सगळंच ठरल्यासारखं वाटायचं. त्या वर्षी मी वक्तृत्वाला तालुक्यात बोलून आले होते, आणि एवढ्या लोकांसमोर बोलता येतं म्हणजे जगात काहीही करता येतं असा माझा समज झाला होता.

घरी आलो तर आप्पा वाळलेले. मनुबाईची भाकरी पाच वाजता करून झाकून ठेवलेली, गार, ती एकट्यानं काय खायची म्हणून ते निम्मे दिवस दूध पिऊन झोपले होते. अव्वाला ते एका शब्दानं बोलले नाहीत. पण येईल त्या पाहुण्याला सांगायचे, “ही बेटावर गेलेली. आमचा उपास झाला.” पाहुणे हसायचे. अव्वा चहा ठेवायची.

तिनं सराव मात्र सोडला नाही. रविवारी पप्पा तिला आणि हाजराबीला गाडीनं दंडोबाच्या डोंगराला सोडायचे, चढ मिळावा म्हणून. ती दमून यायची, चेहरा लालबुंद, आणि तशीच ओट्याशी उभी राहायची. आप्पांची भाकरी कधी चुकली नाही. तरी आप्पा घड्याळाकडं बघत बसायचे.

मग जुलै आला, चातुर्मास आला आणि आमच्या मंदिरात माताजी आल्या. माताजी म्हणजे आमच्या आर्यिका, पांढऱ्या साडीतल्या साध्वी. वर्षभर पायी फिरतात आणि पावसाळ्याचे चार महिने एका गावात थांबतात. दिवसातून एकदाच जेवतात, तेही ओंजळीत. ज्या घरी त्यांचा आहार होतो त्या घराला केवढा आनंद असतो. आमच्याकडं त्या आल्या त्या दिवशी अव्वा चारला उठून विहिरीचं पाणी गाळत होती.

आहार झाला. आता रीत अशी की ज्यांनी आहार दिला त्यांनी माताजींसमोर एखादा नियम घ्यायचा, म्हणजे चार महिने काहीतरी सोडायचं. आईनं चहा सोडला. पप्पांनी शेव-चिवडा. मी मोबाईलवरचे गेम सोडले, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. अव्वा म्हणाली, “मी गूळ सोडते, माताजी.”

माताजी हसल्या. वयानं आईएवढ्या असतील, आवाज एकदम मऊ. “सोडताना मनाला लागलं पाहिजे, आजी. गूळ लागतो का मनाला?”

अव्वा विचार करत होती, तेवढ्यात आप्पा बोलले. चटईवर भिंतीला टेकून बसले होते, खुशीत होते. म्हणाले, “माताजी, हिला गूळ काय नि साखर काय. हिचा जीव पळण्यात आहे. तेवढं सोडायला सांगा, आमची दोन वेळची भाकरी तरी गरम मिळेल.”

सगळे हसले. शेजारच्या काकू हसल्या, पप्पा हसले, मी पण हसले.

माताजींनी अव्वाकडं बघितलं. “पावसाळ्यात पायाखाली जीव फार असतात,” त्या म्हणाल्या. “पण मी सांगत नाही. तुम्हाला जमेल का ते बघा.”

अव्वानं आप्पांकडं बघितलं. ती नजर मला अजून सांगता येत नाही. रागाची नव्हती. आपल्या घरच्या माणसाला पहिल्यांदा रस्त्यावर बघितल्यासारखी होती. आप्पा अजून हसत होते. तिचे हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले, जोडले आणि म्हणाली, “चातुर्मास संपेपर्यंत पळणार नाही. नियम द्या.”

झालं. एवढ्या वेळात झालं.

माताजी गेल्यावर मी तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात. “अव्वा, सातारा.”

“माहीत आहे.”

“मग नाही म्हणायचं होतंस की.”

“माताजींच्या तोंडावर? आहार दिलेल्या हातानं?” ती भांडी विसळत होती. “आजपर्यंत घेतलेला नियम मोडला नाही मी, ब्राह्मी. आणि घेताना मागं सरकले नाही.”

“पण तुला आप्पांनी अडकवलं.”

“आप्पांनी तोंड उघडलं. हात मी जोडले.”

मी म्हटलं, ठीक आहे, आपण वाट काढू. मला वाट निघणारच असं वाटत होतं. मी म्हणाले, पळायचं नाही ना, मग चाल. घाट चालत चढ. जोरात चाल. चालणाऱ्यांनाही शर्यतीत घेतात. अव्वा म्हणाली, “जोरात चालायला लागले की माझे पाय ऐकत नाहीत. कुठनं पळणं सुरू होतं ते मला कळायचं नाही. मग मी कुणाला फसवू?” आणि तिनं मैदानावर जाणंच सोडलं.

मग मी माताजींकडं गेले, एकटी. मंदिराच्या मागच्या खोलीत त्या वाचत बसल्या होत्या. मी भाषणासारखं सगळं मुद्देसूद सांगितलं. शर्यतीचं सांगितलं, हाजराबीचं सांगितलं, खेकड्यांचं तर करूनच दाखवलं, अव्वा कशी उड्या मारत पळते ते. माताजी खेकड्यांना खूप हसल्या. मला वाटलं, जिंकलं.

“छान पळते तुझी अव्वा,” त्या म्हणाल्या. “पण हे बघ बाळ, नियम मी दिला असं म्हणतात खरं. असतो तो घेणाऱ्याचा. तिला झेपत नसेल तर तिनं यावं, मी प्रायश्चित्त सांगेन, मोकळी करेन. तुझ्या सांगण्यावरून कशी करू?”

“ती येणार नाही.”

“मग तिला झेपतंय.”

तालुक्याला मला विरोधी बाजूचा मुद्दा खोडायला शिकवलं होतं, पण इथं विरोधी बाजूच नव्हती. माताजी चांगल्या होत्या. अव्वा खरी होती. आप्पा फक्त हसले होते.

अव्वाला मी तरी म्हणाले, जा ना, एकदा जाऊन माग. तिनं विचारलं, “काय सांगू जाऊन? पाय मोडलाय? ताप आलाय? पळावंसं वाटतं, ही अडचण होत नाही. वाटतं म्हणूनच तर नियम.”

घरात मग सगळं कसं छान चालू झालं, तेच वाईट होतं. भाकरी गरम. ताटात चटणी, कोशिंबीर, शेंगांचा कूट, सगळं. अव्वा समोर बसलेली. आप्पांचं वजन परत आलं. सकाळी साडेपाचला अव्वाला आपोआप जाग यायची, ती पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायची. तिची टाच खाली फरशीवर हळूहळू आपटत असायची, तिला ते कळत नसायचं. मी अभ्यासाला उठलेली असायचे, दारातून मला दिसायचं. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे, आणि झोपलेले नसायचे हे पण मला दिसायचं, कारण झोपले की ते घोरतात.

एका दुपारी त्यांनीच मला हाक मारली. “ब्राह्मी, मी गमतीत बोललो गं.”

“मग तिला सांगा.”

“सांगितलं की. म्हणाली, गंमत होती होय, मग मी पण हसायला पाहिजे होतं.” ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. “मी माताजींकडं जाऊन आलो. म्हटलं, माझा शब्द मागं घेतो. त्या म्हणाल्या, तुमचा शब्द मी घेतलाच नाही, मागं काय देऊ.”

म्हणजे आप्पा पण जाऊन आले होते. घरात एकूण चार माणसं तिनं पळावं म्हणून तळमळत होती आणि एकाचाही काही उपयोग नव्हता. पप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी पळेल. आई म्हणाली, पुढच्या वर्षी अडुसष्ट होतील त्यांना.

सप्टेंबरात हाजराबी एकटी साताऱ्याला निघाली. अव्वा म्हणाली, “एकटी कशी जाईल? मी जाते सोबत.” आप्पा म्हणाले, “मी पण येतो.” पप्पांनी गाडी काढली. आम्ही आदल्या दिवशी दुपारी कोरेगावला अर्फाकडं पोचलो. अर्फानं अव्वासाठी नवीन पातेलं आणून ठेवलं होतं. “खाला, तुमचं पानी यात उकळा. आणि डबा आणलाय ते म्हाईत हाय मला, तरी ताट नवीन काढलंय.” अव्वानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सूर्य मावळायच्या आत ती आणि आप्पा अंगणात बसून जेवले. हाजराबी शेजारी बसून बुटाला नाडी ओवत होती आणि अव्वाकडं बघत नव्हती.

सकाळी साताऱ्यात धुकं आणि भुरभूर. पप्पांनी गाडी खाली लावली. आम्ही घाटातल्या पहिल्या मोठ्या वळणापर्यंत चालत गेलो. आप्पा काठी टेकत, दर थोड्या वेळानं थांबत. वळणावर पाणी वाटणारी पोरं ढोल घेऊन आली होती. आधी सडपातळ, पटापट जाणारी माणसं गेली. मग जाडी, मग म्हातारी, मग गप्पा मारत जाणारी. त्यात ‘पळत्या पोरी’ पण होत्या, पिवळ्या टी-शर्टातल्या, त्यांनी हात केला आणि अव्वानं टाळ्या वाजवल्या. पांढऱ्या केसांची एक बाई अगदी सावकाश वर गेली. अव्वा तिच्याकडं वळणामागं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. “टाच नीट पडत नाही तिची,” ती म्हणाली. “गुडघ्याला त्रास होणार.”

मग हाजराबी आली. डोक्याला स्कार्फ, चेहरा घामानं आणि पावसानं ओला. आम्हाला बघून थांबली. शर्यतीत कुणी थांबत नाही, पण ती थांबली.

आप्पा पुढं झाले. “हाजराबी, हिला घेऊन जा बरोबर.”

“आप्पा, काय हे,” अव्वा म्हणाली. चारचौघांत ती त्यांना आप्पाच म्हणते.

“नाही, जा तू.” त्यांनी काठी काखेत धरली आणि सरळ हात जोडले, तिथं रस्त्यात, सगळ्यांसमोर. “कस्तुरी, माझं चुकलं. पळ. पाप लागलं तर मला लागू दे.”

ढोलवाली पोरं वाजवायची थांबली. मी पप्पांकडं बघितलं, पप्पा बुटाकडं बघत होते.

“तुम्हाला कसं लागेल?” अव्वा म्हणाली. “ते तुमच्या नावावर असतं तर किती बरं झालं असतं. मी कधीच पळाले असते. हात खाली करा आधी.”

आप्पांनी केले नाहीत. हाजराबीनं ते धरून खाली केले. “आवं आप्पा, ऱ्हाऊ द्या. माझा रोजा असतोय तवा मला कुनी पानी पी म्हनलं तर मी काय करते? हसते आन् गप बसते. पर तहान लागलेली असती बरं का, लय लागलेली असती. तिला गप बसू द्या.” मग तिनं आपला ओला हात अव्वाच्या गालावर ठेवला. “येताना हितंच थांब.”

“थांबते. दुसरं काय करणार.”

हाजराबी गेली. अव्वानं माझं मनगट धरलं होतं. शर्यत बघताना माणूस पुढं वाकतं ना, तशी ती वाकली होती, आणि तिनं मला इतकं घट्ट धरलं होतं की माझी बांगडी हातात रुतली. मी सोडवून घेतली नाही. हाजराबी परत खाली येईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि तिच्या पिंढऱ्या सलवारीच्या आत उडत होत्या, गाय माशी उडवायला कातडी हलवते तशा.

परतीच्या वाटेवर कराडला चहाला थांबलो तर आईच्या नियमाची आठवण निघाली, तेवढंच. घरी पोचल्या पोचल्या अव्वा ओट्याशी गेली, कारण दिवस उतरायला लागला होता.

दिवाळीला, महावीरांच्या निर्वाणाच्या दिवशी, मंदिरात निर्वाणलाडू चढवला आणि चातुर्मास संपला. मी त्या रात्री झोपलेच नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी फाटकाशी हाजराबी उभी. अव्वा बाहेर आली, ओढणीला पिन लावत. तिच्या तोंडावर काय होतं ते मला नीट बघायचं होतं, पण तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

आप्पा. डोक्याला मफलर, पायात नवे कोरे कॅनव्हासचे बूट. “मी पण येणार,” ते म्हणाले. “आजपासून रोज. डॉक्टरांना पण विचारलंय, चांगलंय म्हणाले.” एखाद्या पोरानं चित्र काढून आणावं तसे ते उभे होते. “तुला एकटीला नाही सोडणार आता.”

अव्वानं त्यांच्याकडं बघितलं. मग त्यांच्या मफलरचं टोक आत खोचलं. “चला,” ती म्हणाली.

मैदानावर ती पळायला लागली. खरंच लागली. दिवाळीची थंडी होती, तिची पावलं आधी जड पडली, मग जरा हलकी. पहिल्या वळणाला तिनं मागं बघितलं. आप्पा बरेच मागं होते, काठी वर करून जा जा म्हणत होते. काठी वर केली की त्यांचा तोल जातो. अव्वा थांबली. आप्पा तिथपर्यंत पोचेस्तोवर ती उभी राहिली. मग त्यांच्या बरोबर चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी तेच. हाजराबी फेऱ्या मारून त्यांना मागं टाकून जायची. “कस्तुरे, गोगलगाय झालीस गं,” म्हणायची, आणि पुढं गेल्यावर तिचा चेहरा पडायचा. अव्वा हसायची, उभ्यानं. आप्पा भेटेल त्याला सांगायचे, “आम्ही दोघं रोज येतो आता.” लोक म्हणायचे, “वा आप्पा, या वयात.”

एकदा मी हिय्या केला. “आप्पा, तुम्ही जरा बाकावर बसा ना. अव्वाला दोन फेऱ्या मारू दे.”

“परत एकटी सोडू तिला?” ते म्हणाले. “चुकलो तेवढं पुरे की. आणि बघ, तिच्यासाठी गुडघा पण ऐकायला लागलाय माझा.”

ते इतके आनंदात होते. मी पुढं बोलायला तोंड उघडलं तर अव्वानं माझ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. एवढीशीच. तालुक्यासमोर बोललेली मी, मला एका म्हाताऱ्या माणसाला बस म्हणता आलं नाही.

आता माझी दहावीची पूर्वपरीक्षा आली आहे. तरी सकाळी मी त्यांच्याबरोबर जाते. आप्पांची चाल थोडी सुधारली आहे, डॉक्टर म्हणतात, असंच चालू ठेवा, वर्षभर ठेवा. अव्वा त्यांच्या चार पावलं पुढं निघून जाते, तिला ते कळतं, मग ती वळणावर थांबते. ते येईपर्यंत ती उभ्या जागी पाय उचलत राहते, एक, मग दुसरा, एक, मग दुसरा, आणि तोंड मात्र त्यांच्याकडं केलेलं असतं.